नारायण वामन टिळक यांचा पालट

आमच्या सोलापूर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून फिरताना एक प्रश्न आमच्या कानी वारंवार येतो. बाहेरचा मनुष्य तो चेष्टेने विचारतो. तुम्ही ख्रिस्ती झालात म्हणता, तर तुमच्यात नवे ते काय झाले, असे त्याचे म्हणणे असते. घरचा मनुष्य तोच प्रश्न रात्री घोंगडीवर पडल्या पडल्या स्वतःस विचारतो, आणि त्याच्या विचारण्यात चेष्टा नसते. बाप्तिस्मा झाला, मंडळीच्या वहीत नाव लागले, प्रभुभोजनास बसू लागलो. परंतु राग आला म्हणजे तोंडातून शिवी जाते ती जातेच, बांधावरून चुलत भावाशी जुंपलेला तंटा मिटलेला नाही, आणि पलीकडच्या आळीतील ख्रिस्ती बंधूच्या घरचे पाणी पिताना हात क्षणभर अडखळतो. मग पालट झाला म्हणतात तो झाला तरी कोठे?

या प्रश्नाचे उत्तर पुष्कळ जण बाहेरून देऊ पाहतात. सखारामाचा शमुवेल होतो, मारुतीचा मत्तय होतो. कोणी धोतर टाकून पाटलोण चढवितो, कोणी टाळ-मृदंग माळ्यावर टाकून देतो, कोणी बोलताना चार इंग्रजी शब्द पेरू लागतो. पवित्र शास्त्रातील नाव घेणे वाईट, असे आमचे म्हणणे मुळीच नाही. आमच्याच मंडळ्यांतील कित्येक भल्या माणसांची नावे तशी आहेत. परंतु नाव एका दिवसात बदलते, पोशाख बाजाराच्या एका फेरीत बदलतो, आणि मनुष्य मात्र इतक्या स्वस्तात बदलत नाही. म्हणून ज्या गृहस्थाने नावही बदलले नाही, पोशाखही बदलला नाही, टाळही टाकले नाहीत, आणि तरीही ज्याचा पालट सर्व महाराष्ट्राने पाहिला, त्याची हकीकत आज वाचकांपुढे ठेवण्याचे आम्ही योजिले आहे. ते गृहस्थ म्हणजे कवी नारायण वामन टिळक. त्यांची पदे आपण उपासनेत गातो, परंतु ती रचणाऱ्याचे आयुष्य आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक ते हे नव्हेत, इतके खेड्यातील वाचकांकरिता येथेच सांगून ठेवितो. आडनाव एक, जात एक, रत्नागिरी जिल्हाही एक; मार्ग मात्र निरनिराळे.

नारायणराव टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. कुळ चित्पावन ब्राह्मणाचे. वडील वामनराव सरकारी नोकरीत होते व स्वभावाने अतिशय तापट होते. आई जानकीबाई भाविक व कवितेची आवड असणारी होती. मुलाच्या अंगी दोघांचेही अंश उतरले, आणि पुढे जन्मभर ते दोन्ही अंश त्याच्या ठायी एकमेकांशी झगडत राहिले, असे आम्हांस वाटते. नारायणाचे वय अकरा-बारा वर्षांचे असेल तोच आई वारली. तो आघात त्याला सोसला नाही. घर सोडून तो नाशिकास गेला, आणि परक्यांच्या आश्रयाने राहून गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ संस्कृत शिकला. इंग्रजी शाळेतही तो थोडा काळ होता, पण ते शिक्षण पुरे झाले नाही.

सन १८८० च्या सुमारास त्यांचे लग्न झाले. वधू नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखले घराण्यातील, वय वर्षे अकरा-बारा, माहेरचे नाव मनकर्णिका. सासरी तिचे नाव लक्ष्मी ठेविले. पुढे लक्ष्मीबाई टिळक या नावाने मराठी भाषेत जी अमर झाली, ती हीच मुलगी. तिने उतारवयात लिहिलेल्या ‘स्मृतिचित्रे’ या पुस्तकामुळेच टिळकांचे घरगुती रूप आपणांस कळते, आणि तिने नवऱ्याचे दोष झाकले नाहीत म्हणून आम्हीही झाकणार नाही. टिळक एका जागी टिकत नसत. आज शाळामास्तर, उद्या कीर्तनकार, परवा आणखी काही. नोकरी धरावी, कंटाळा आला की सोडावी. बायकोला न सांगता घरातून निघून जावे, आणि महिनेच्या महिने पत्ता लागू देऊ नये. वाणसामानाकरिता दिलेले पैसे घेऊन बाजारात जावे आणि भलतीच वस्तू घेऊन हसत परत यावे. हाती आलेला पैसा दारी आलेल्या पहिल्या गरजवंताला देऊन टाकावा. राग तर असा की क्षणात भडका आणि क्षणात पाणी. ज्या बाईने हे सारे सोसले तिला ते पुढे हसत हसत लिहिता आले, हा तिचा मोठेपणा होय. ज्याच्यामुळे सोसावे लागले त्याचा तो नव्हे.

ही भटकंती केवळ पोटाकरिता नव्हती, हेही खरे. टिळकांच्या मनात एक तळमळ होती. देश खालावला आहे, जातीजातींनी चिरफळ्या उडाल्या आहेत, धर्माच्या नावाने माणूस माणसाला दूर लोटतो आहे, हे त्यांना दिसत होते. नागपुरास आप्पासाहेब बुटी या धनिक गृहस्थांच्या आश्रयास असताना त्यांनी संस्कृत ग्रंथांचा पुष्कळ अभ्यास केला. धार्मिक विषयांवर ‘ऋषि’ नावाचे मासिकही त्यांनी काही काळ चालविले. जुन्या धर्मावरचा त्यांचा विश्वास हळूहळू ढळत चालला होता. देशासाठी आपणच एक नवा धर्म स्थापावा असे त्यांच्या मनाने घेतले, आणि देव सर्वांचा पिता, सर्व माणसे एकमेकांची भावंडे, अशा प्रकारची काही मूलतत्त्वे त्यांनी ठरवूनही ठेविली. त्यातच त्यांचा विद्यानंद नावाचा मुलगा वारला. दुःखाने मन आणखी मऊ झाले होते.

सन १८९३ मध्ये ते नागपूरहून राजनांदगावास आगगाडीने निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होता. साहेब आपल्याला उतरवून लावील किंवा तुच्छतेने वागवील, अशी त्या काळी देशी माणसाची धास्ती असे. या गृहस्थाने तसे काही केले नाही. आदराने जागा दिली आणि संस्कृत काव्याविषयी बोलणे काढले. बोलता बोलता गोष्ट धर्मावर आली. उतरण्यापूर्वी त्याने टिळकांच्या हाती एक नवा करार दिला, आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते ऐकून हसू आले. त्या गृहस्थाचे नाव टिळकांना कधीच कळले नाही. उपदेशक बंधूंनो, येथे क्षणभर थांबा. ज्याने एवढे मोठे बी पेरले त्याने केले काय, तर सहप्रवाशाला माणूस म्हणून वागविले आणि एक पुस्तक दिले.

शब्द दिला होता म्हणून टिळक पुस्तक वाचू लागले. डोंगरावरील प्रवचनापर्यंत आले आणि तेथेच अडकले. आपण मोठ्या कष्टाने जी तत्त्वे जुळवीत होतो, ती येथे अठराशे वर्षांपूर्वीच सांगून ठेविली आहेत, आणि नुसती सांगितलेली नाहीत तर सांगणाऱ्याने ती जगून दाखविली आहेत, असे त्यांना दिसले. मग त्यांनी एका ख्रिस्ती पत्राशी टोपण नावाने पत्रव्यवहार सुरू केला. मुंबईचे मिशनरी डॉ. जस्टिन ॲबट यांच्याशी त्यांचा संबंध जडला. हेच डॉ. ॲबट पुढे महाराष्ट्रातील संतांची चरित्रे इंग्रजीत नेणारे म्हणून प्रसिद्ध झाले. मन तर वळले होते. पाऊल मात्र उचलवत नव्हते. समोर बायको होती, लहानगा दत्तू होता, गोतावळा होता. या दोन वर्षांत टिळकांची जी ओढाताण झाली, ती आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना समजावून सांगण्याचे कारण नाही. ज्याच्या आईने दार लावून घेतले, ज्याच्या सोयरिकी तुटल्या, तो ती जाणतो.

अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत, अमेरिकन मिशनच्या देवळात, त्यांचा बाप्तिस्मा झाला. तो देशी पाळकाच्या हस्ते व्हावा अशी त्यांनी इच्छा धरिली होती व तसाच तो झाला. डब्यातील गृहस्थाने सांगितलेली मुदत जवळ जवळ तंतोतंत भरली. चौतिसावे वर्ष चालू होते. नाव मागे होते तेच पुढे राहिले, नारायण वामन. आपल्या देवाचे नाव बदलले म्हणून आपल्या बापाने ठेविलेले नाव बदलले पाहिजे असे त्यांना वाटले नाही. पुढे त्यांच्या पत्नीलाही वाटले नाही, ती मरेपर्यंत लक्ष्मीबाईच राहिली.

साधारणपणे चरित्रकार येथे येऊन श्वास सोडतात, जणू काय नाव किनाऱ्यास लागली. आमच्या मते टिळकांचा खरा पालट येथून पुढे सुरू झाला. दिमिष्काच्या वाटेवर पौलाला प्रकाश दिसला तो एका क्षणात. परंतु त्यानंतर तो अरबस्तानात गेला, आणि यरुशलेमेस जाईपर्यंत तीन वर्षे लोटली, हे आपण गलतीकरांच्या पत्रात वाचतोच.

बाप्तिस्म्याची वार्ता घरी पोहोचली तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. नवरा जिवंत असून नसल्यासारखा. माहेरच्यांनी त्यांना सांभाळले. ज्या आप्तांच्या आश्रयास त्या राहिल्या त्यांच्याबरोबर त्यांचा मुक्काम आपल्याच जिल्ह्यातील पंढरपुरासही होता. तेव्हा, वाचकहो, आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात जो जनसागर लोटतो, त्याच्या काठी ही बाई मुलाला पोटाशी धरून नवऱ्याच्या पत्रांची वाट पाहत आणि पत्र आले की रडत बसली होती. टिळक पत्रे पाठवीत, कधी कवितेत पाठवीत. त्यांचेही जेवण गोड लागत नव्हते. जवळ जवळ पाच वर्षे हा ताटातुटीचा काळ चालला.

आणि येथेच आम्हांस पालटाची पहिली खूण दिसते. पूर्वीचे टिळक वाटेल तेव्हा बायकोला सोडून जात आणि तिचे काय होते हे मागे वळून पाहत नसत. आताचे टिळक वाट पाहत बसले. ज्या मनुष्याला घटकाभर धीर धरवत नव्हता, तो पाच वर्षे थांबला. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास आल्या तेव्हा त्यांच्या धर्माच्या बाबतीत त्यांनी सक्ती केली नाही. बाईंचे सोवळेओवळे चालू राहिले, चूल वेगळी, पाणी वेगळे. एका छपराखाली ख्रिस्ती नवरा आणि सोवळी बायको, अशी ती गृहस्थी पाहून दोन्हीकडचे लोक हसत. खटके उडत नसत असे नाही. दोघेही तिखट होते. परंतु बाईंचा धर्म बाईंच्या अंतःकरणातूनच बदलला पाहिजे, ही गोष्ट टिळकांनी सोडली नाही.

तो बदलला, आणि तो कसा बदलला हे ऐकण्यासारखे आहे. कोणी व्याख्यान देऊन त्यांचे मन वळविले नाही. नगर जिल्ह्यात राहत असताना एका रात्री त्या जातिभेदाचा विचार करीत बसल्या. देवाने जनावरांत व झाडांत जाती केल्या त्या डोळ्यांनी दिसतात. माणसामाणसांत तसा भेद देवाने केलेला कोठे दिसतो? तेव्हा हा भेद माणसाने पाडला असला पाहिजे, देवाने नव्हे. एवढे मनाशी ठरताच त्यांनी सोवळे सोडले, आणि ज्यांच्या सावलीला आजवर जपत होत्या त्यांच्या हातचे अन्नपाणी घेऊ लागल्या. हे घडले ते बाप्तिस्म्यापूर्वी. बाप्तिस्मा त्यानंतर, सन १९०० मध्ये. आमच्यात कित्येक ठिकाणी क्रम उलटा झाला आहे. बाप्तिस्म्याला दोन-तीन पिढ्या लोटल्या, तरी पूर्वीच्या महार आणि मांग समाजांतून आलेली कुटुंबे एकाच देवळात निरनिराळ्या बाजूंना बसतात, आणि सोयरिकीची गोष्ट निघाली की आजोबाची जात विचारली जाते. एका ब्राह्मण बाईने एका रात्रीत जे टाकले ते आपल्याला का टाकवत नाही, असे आम्ही एकदा एका मंडळीत विचारले, तेव्हा एक म्हातारा म्हणाला की तिला टाकायला पुष्कळ होते म्हणून टाकता आले. आमच्याजवळ तेवढेच एक उरले आहे. या बोलण्यातले दुःख आम्हांस कळते, आणि तरी ते मान्य करवत नाही.

टिळकांचे पुढील आयुष्य बहुतेक अहमदनगरास (आजचे अहिल्यानगर) गेले. अमेरिकन मराठी मिशनचे ते मोठे ठाणे होते. सोलापुरातील कामही त्याच मिशनने १८६० नंतर हाती घेतले होते. टिळकांनी तेथील धर्मशिक्षणाच्या शाळेत शिकविले, पुढे ते दीक्षित पाळक झाले, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदय’ पत्राच्या मराठी भागाचे संपादन केले. हे पत्र १८४२ साली निघाले होते. त्या काळी प्लेग व दुष्काळ या दोन संकटांनी हा सारा मुलूख गांजला होता. टिळकांच्या घरात आईबापांविना झालेली पोरे येऊन राहिली. घरात आधीच चणचण, त्यात ही भर. सर्वांच्या तोंडी घास कसा जाई ते लक्ष्मीबाईच जाणत. पूर्वी हातचा पैसा उधळणारे टिळक आताही उधळेच राहिले, एवढेच की आता ती उधळण घराबाहेर पळून जाण्यासाठी नव्हती. बाहेरच्यांना घरात आणण्यासाठी होती. मनुष्याचा मूळ स्वभाव प्रभू नेहमी काढून घेतोच असे नाही. तोच नांगर दुसऱ्या शेताला लावितो, असे आम्हांस या चरित्रावरून वाटते.

रागाचीही हीच कथा. तो गेला नाही. घरी, दारी, सभेत तो उसळत असे, आणि उसळल्यावर पश्चात्तापही तितकाच लवकर होई. चूक कबूल करावयास टिळक लाजत नसत. ज्यांनी रागाला जिंकले नाही म्हणून निराश झालेले बंधू आमच्याकडे येतात, त्यांना हे सांगावेसे वाटते की ज्याची पदे आपण गातो तो कवीही त्याच शत्रूशी शेवटपर्यंत लढत होता.

आता त्यांच्या पदांविषयी. त्यांच्या आधीही देशी चालीवर ख्रिस्ती गीते रचणारे होऊन गेले, आणि नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाचा पाया घातला होता. तरीही पुष्कळ मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे इंग्रजी चालींवर ओढूनताणून म्हणत असत. खेड्यातील बाया ती तोंडपाठ करीत, परंतु जात्यावर बसल्या म्हणजे ती गीते त्यांच्या ओठी येत नसत. टिळकांनी ओवी, अभंग व पद ही आपली जुनी भांडी घेतली आणि त्यांत ख्रिस्ताची भक्ती भरली. ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतसंग्रहात त्यांची पदे शेकड्यांनी आहेत. ज्ञानेश्वर व तुकाराम यांच्यावरील आपले ऋण त्यांनी कधी लपविले नाही. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, अशा आशयाचे ते बोलत. काही ख्रिस्ती बंधूंना हे बोलणे त्या काळी खटकले, आजही खटकते. पण ज्यांच्या आजोबांनी देहू-आळंदीची पालखी आपल्या गावावरून जाताना पाहिली आणि दुरून हात जोडले, त्या आमच्या लोकांना तो पूल ओळखीचा आहे. त्या पुलावर उभे राहण्याचा हक्क त्यांच्या आजोबांना नव्हता, एवढेच; आणि टिळकांसारख्या ब्राह्मणाने ख्रिस्ती होऊन त्या आजोबांच्या नातवंडांबरोबर एका पंक्तीला बसून अभंग म्हटले, ही गोष्ट लहान नव्हे.

ख्रिस्ती होणे म्हणजे देश सोडणे, हा समज टिळकांनी आयुष्यभर खोडून काढला. ते कट्टे देशभक्त होते. फुलांवर व मुलांवर त्यांनी ज्या कविता लिहिल्या त्या हिंदू घरांतूनही आवडीने वाचल्या जात. त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे पुढे बालकवी म्हणून नावाजलेला तरुण, त्यांच्या घरी मुलासारखा राहिला. तो हिंदूच राहिला, आणि १९१८ मध्ये आगगाडीच्या अपघातात अकाली गेला. टिळकांनी त्याला ओढून ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न केला नाही; त्याची कविता वाढविली. याचा काही मिशनच्या माणसांना अचंबा वाटला असेल. आम्हांस वाटत नाही. आगगाडीच्या डब्यातील त्या अनोळखी गृहस्थाची रीत टिळक विसरले नव्हते.

तथापि टिळकांचे मन पुन्हा अस्वस्थ झाले. बाप्तिस्म्याला बावीस वर्षे होऊन गेली होती. मान होता, कीर्ती होती, दरमहा वेतन होते. हे वेतन हाच आपण आणि आपले देशबंधू यांमधील पडदा आहे, असे त्यांना वाटू लागले. गावचा मनुष्य म्हणतो, हा साहेबाच्या पगारावर साहेबाचा धर्म सांगतो. मग त्याने कितीही मनापासून सांगितले तरी काय उपयोग? सन १९१७ मध्ये, वयाच्या छपन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि संन्यस्त वृत्तीने राहू लागले. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ या नावाने एक बंधुसंघ स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, परंतु ख्रिस्ताला गुरू मानणारे, असे सर्व त्यात यावे, सर्वांनी सेवा करावी, कोणी उच्चनीच नसावा, अशी त्यांची कल्पना होती.

या दरबाराविषयी आमचे मत विचाराल तर ते पूर्णपणे अनुकूल नाही. बाप्तिस्मा ही दारावरची पाटी नव्हे, ते दार आहे असे आम्ही मानतो, आणि दार न ओलांडता घरात आहो असे म्हणण्याची सवय लागली तर पुढच्या पिढीला घर कोठले आणि अंगण कोठले हे कळेनासे होईल अशी आम्हांस भीती वाटते. दरबार टिळकांच्या मागे फार दिवस चालला नाही, यातही काही अर्थ असेल. परंतु त्यामागील भूक आम्ही ओळखतो. ज्याला सर्व मिळाले होते, त्याला आपण अजून बदललो नाही असे वाटत होते. छपन्नाव्या वर्षी, नावाजलेला पाळक असताना, पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसण्याची ही ओढ आम्ही फार थोड्या पाळकांत पाहिली आहे. पगार सोडणे सर्वांना शक्य नाही, कित्येकांना ते योग्यही नाही. घरी चार तोंडे असलेल्या उपदेशकाने टिळकांचे अनुकरण करून मुलांना उपाशी ठेवू नये. लक्ष्मीबाईंसारखी गृहिणी प्रत्येकाच्या घरी नसते, आणि असली तरी तिच्यावर किती ओझे टाकावे यालाही मर्यादा आहे.

नवीन जीवनाला दोन वर्षेही पुरी झाली नाहीत तोच प्रकृती ढासळली. ९ मे १९१९ रोजी मुंबईत सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालयात टिळकांनी देह ठेविला. त्यांनी मृत्यूपूर्वी लिहून ठेविलेल्या इच्छा पाहिल्या म्हणजे हा मनुष्य अखेरपर्यंत कोणत्या वाटेने चालला होता ते दिसते. ख्रिस्ती मनुष्याला पुरण्याची आपल्याकडे चाल आहे. टिळकांनी आपला देह आपल्या पूर्वजांच्या रीतीप्रमाणे दहन करावा असे सांगितले. रक्षा मात्र अहमदनगरच्या ख्रिस्ती भूमीत ठेवावी, आणि आपल्या नावामागे रेव्हरंड वगैरे पदव्या लावू नयेत. तसेच झाले. म्हणूनच या लेखाच्या मथळ्यात आम्हीही ती पदवी घातलेली नाही, जरी सवयीने ती लेखणीवर आली होती.

‘ख्रिस्तायन’ या नावाने प्रभूचे चरित्र ओवीबद्ध लिहिण्याचे त्यांनी मनात धरिले होते. दहा-अकरा अध्याय झाले आणि लेखणी थांबली. ते काम पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लहानपणी ज्यांना धड शाळा मिळाली नव्हती आणि ज्यांना अक्षरओळख नवऱ्यामुळे झाली होती, त्या बाईंनी म्हातारपणी चौसष्ट अध्याय रचिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये त्या वारल्या. पंढरपुरास त्यांच्या पोटाशी धरलेला तो दत्तू, देवदत्त टिळक, याने आईबापांचा तो ग्रंथ १९३८ साली छापून प्रसिद्ध केला.